मुकी चाल

बस सुरू व्हायच्या आधी कोच पेटवेंनी सगळ्या पोरांना पुन्हा एकदा संडासला पिटाळलं. जे आत्ताच जाऊन आले होते त्यांनाही. मग ते बसच्या दाराशी उभे राहिले आणि एकेकाला न्याहाळून आत सोडू लागले. कुणाच्या टायची गाठ सैल दिसली की स्वतःच्या हातानं वर सरकवायची. कुणाच्या बुटावर धूळ दिसली की नुसतं तिकडे बघायचं, पोरगं आपणहून वाकून पुसायचं. आदल्या दिवशी लुइझियानात सामना मारून आता घरी परतणारा संघ होता तो, पण कुणी खिदळत नव्हतं. कोचसमोर तेवढी छाती कुणाची नव्हती.

सगळे बसल्यावर त्यांनी अमेरिकन फुटबॉलची हेल्मेटं वाटायला लावली. खिडकी-खिडकीत एकेक, बाहेरून दिसेल अशी.

"हे कशाला, कोच?" लेम्युएल क्रेननं विचारलं. पहिल्याच वर्षाचा मुलगा, अजून विचारायची खोड गेली नव्हती.

"शोभेला," पेटवे म्हणाले.

साल १९६१. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या अलाबामात हक्क मागायला निघालेल्या पोरांची बस जमावानं गाठून पेटवून दिली होती. ती पोरंही अशीच, सूट घातलेली, टाय बांधलेली, नीट भांग पाडलेली. आणि आता पेटवेंना काळ्या मुलांनी भरलेली एक बस मिसिसिपीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला लांबूनच कळलं पाहिजे की ही ती पोरं नव्हेत. ही चेंडूमागे धावणारी, कुणाकडे काही न मागणारी पोरं आहेत. त्यासाठी ती हेल्मेटं होती.

लूशियस पेटवे तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. होलिस चॅपेल हे मिसिसिपीच्या डेल्टातलं काळ्यांचं लहानसं कॉलेज. मैदानावर आठवडाभर गाई चरायच्या आणि शुक्रवारी पोरं शेण उचलायची. अशा जागी येऊन त्यांनी दहा वर्षांत असा संघ उभा केला होता की शिकागोच्या काळ्यांच्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो यायचा. 'भीती कशाशी खातात हे पेटवेंना ठाऊक नाही,' असं एकानं लिहिलं होतं. ते कात्रण त्यांची बायको ओडेसा हिनं जपून ठेवलं होतं, पण त्यावर ती कधी काही बोलली नव्हती. दर प्रवासाच्या पहाटे नवरा न्हाणीघरात जाऊन ओकतो, हे तिला माहीत होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती तेवढा वेळ स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून ठेवी.

प्रवासाचे नियम त्यांनीच घातलेले होते. खाणं बुटांच्या खोक्यांतून बरोबर न्यायचं, तळलेली कोंबडी आणि पाव, आणि बसमध्येच खायचं. पेट्रोल ओळखीच्या एकाच पंपावर भरायचं. मध्ये कुठंही, कशासाठीही थांबायचं नाही. गाडी म्हातारा एझेल चालवायचा. तो चर्चमध्ये भजनं म्हणणारा. स्टिअरिंगवरही त्याचं गुणगुणणं चालूच असायचं. ते थांबलं की पेटवेंचं लक्ष आपोआप आरशाकडे जाई, कारण मागे पोलिसांची गाडी लागली की एझेल गुणगुणायचा थांबायचा.

त्या रविवारी तो गुणगुणत होता. दुपार व्हायला आली होती. तेवढ्यात ॲल्विन स्टोक्स बाकांना धरत धरत पुढे आला. स्टोक्स संघाचा क्वार्टरबॅक, सगळा खेळ ज्याच्या हातातून सुरू होतो तो. तो कोचच्या कानाशी वाकला.

"लेमचं काहीतरी बिनसलंय, कोच. सारखं पाणी मागतोय. आणि उगाच हसतोय."

पेटवे मागे गेले. लेम्युएल खिडकीला टेकून बसला होता. ओठ राखेसारखे झाले होते आणि कपाळावर गार घाम होता. काल त्याच्या डाव्या बरगडीखाली एक धिप्पाड गडी खांदा घालून आदळला होता. उठून त्यानं सामना पुरा केला होता.

"बरगडी दुखते का?"

"बरगडी नाही, कोच. खांदा दुखतोय. डावा. खांद्याला तर कुणी शिवलंही नव्हतं." तो खरंच हसला.

युद्धात, इटलीत, दोन ट्रकांच्या मधे सापडलेला एक शिपाई त्यांनी पाहिला होता. बाहेर कुठं रक्त नाही, जखम नाही. तोही पाणी मागत होता, थट्टा करत होता आणि खांदा दुखतोय म्हणत होता. पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो, असं नंतर डॉक्टरनं सांगितलं. नंतर म्हणजे, त्याला पुरल्यावर.

ते पुढे येऊन एझेलच्या मागे उभे राहिले. आपल्या लोकांचा दवाखाना अजून किती लांब, असं त्यांनी विचारलं. एझेल म्हणाला, दामटली तरी दिवस कलेल. मग म्हणाला, "वाटेत काउंटीचं मुख्य गाव लागतं. तिथल्या दवाखान्यात आपल्यासाठी तळघरात खाटा आहेत म्हणे. पण ते गाव बरं नाही, कोच."

पेटवेंनी डोक्यावरची हॅट काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मागून चाळीसएक पोरं आपल्या पाठीकडे बघताहेत हे त्यांना न वळता कळत होतं.

"वळवा, एझेलकाका," ते म्हणाले.

एझेलनं गुणगुणणं थांबवलं.

दवाखाना विटांचा, दुमजली होता. समोर रस्त्यापलीकडे पांढरं चर्च होतं आणि बंद दारातून प्रार्थनेचं गाणं ऐकू येत होतं. बस मागच्या खडीच्या अंगणात लावली. कुणीही उतरायचं नाही असं बजावून पेटवे आणि एझेल यांनी लेम्युएलला उचललं आणि स्वयंपाकघराशेजारच्या दारानं तळघरात नेलं. गोऱ्या नर्सनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पापणी खाली ओढून बघितली, आणि तिची पावलं भराभर पडू लागली. डॉक्टर समोर चर्चमध्ये आहेत, निरोप पाठवते, असं तिनं सांगितलं. लेम्युएलला खाटेवर ठेवलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. पेटवेंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. शुद्ध गेली, असं ते समजले. नर्सनं दोघांना बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर येऊन बघतात तो बसच्या तोंडाशी शेरीफची गाडी आडवी लावलेली. शेरीफचा हाताखालचा माणूस, डेप्युटी, गाडीला टेकून रुमालानं नाक पुसत होता. किडकिडीत माणूस, डोळे लाल, सर्दीनं बेजार झालेला. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावरची दोन-तीन माणसं त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"कुणाची बस?"

"होलिस चॅपेल कॉलेजची, साहेब. फुटबॉलचा संघ आहे."

"ते लिहिलंय बसवर. मला वाचता येतं." त्यानं नाक शिंकरलं. "लिहायला काय, कुणीही लिहील. हेल्मेटंही विकत मिळतात. तू कोण?"

"मी कोच आहे, साहेब."

"ऐकलंत का?" डेप्युटी मागच्यांना म्हणाला. "हा पोरगा कोच आहे."

बसच्या खिडक्या उघड्या होत्या. पेटवेंनी आपली नजर डेप्युटीच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर ठेवली. ना वर, ना खाली. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. आपला एक मुलगा आत आहे, पोटात रक्त साठतंय, डॉक्टरांना निरोप गेलाय, असं त्यांनी एका सुरात सांगितलं.

"डॉक्टर चर्चमध्ये आहेत. प्रार्थनेतून कुणाला उठवायची आमच्याकडे रीत नाही," डेप्युटी म्हणाला. मग बसकडे बघत राहिला. "तुम्ही खरंच खेळणारे असाल तर खेळून दाखवा. मी स्वतः जाऊन डॉक्टरला घेऊन येतो. आणि नसाल खेळणारे..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि बुटाचं टोक बसच्या टायरवर दोनदा हळूच आपटलं.

"इथं, साहेब?"

"मग कुठं?"

"मुलांच्या अंगावर चर्चला जायचे कपडे आहेत."

"दिसताहेत मला."

पेटवे बसमध्ये चढले. काही सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. दहा वर्षांत त्यांनी ज्या ज्या मुलाकडे पाहिलं होतं त्यानं मान खाली घातली होती. आज एकानंही घातली नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कोच, नाही म्हणा," स्टोक्स हळूच म्हणाला.

"लेम आत आहे," पेटवे म्हणाले.

मग त्यांनी चढाईच्या आणि बचावाच्या दोन्ही फळ्यांची नावं घेतली. रोज सकाळी मैदानावर घेत त्याच आवाजात, त्याच क्रमानं. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचंच त्यांना पुढे फार वाईट वाटत राहिलं.

पोरं उतरली. खडीवर समोरासमोर दोन रांगा झाल्या. मधला गडी चेंडूवर हात ठेवून वाकला, त्याच्या मागे स्टोक्स उभा राहिला. या खेळात इथं क्वार्टरबॅक आरोळी देतो; ठरलेल्या आरोळीला चेंडू मागे सुटतो आणि अकराच्या अकरा एकदम उसळतात. आरोळीवाचून खेळ सुरू होत नाही. स्टोक्सनं तोंड उघडलं. गाडीला टेकलेल्या माणसांकडे पाहिलं. आणि तोंड पुन्हा मिटून घेतलं.

किती वेळ गेला कोण जाणे. चर्चमधलं गाणं तेवढं ऐकू येत होतं. मग स्टोक्सचे खांदे श्वास सोडताना खाली येतात तसे किंचित खाली आले, आणि चेंडू सुटला. अकराच्या अकरा जण एका क्षणी उसळले. आवाज झाला तो फक्त खडीवर घसरणाऱ्या चामडी तळव्यांचा आणि माणसावर माणूस आदळल्याचा.

गाडीला टेकलेला एकजण सरळ उभा राहिला. "ओरडत का नाहीत रे हे?"

"असंच खेळतात, साहेब," पेटवे म्हणाले.

डेप्युटी म्हणाला, पुन्हा. पोरं पुन्हा वाकली. कुणाचा गुडघा खडीवर सोलवटला, कुणाची बाही खांद्यापासून उसवली. पाचव्या की सहाव्या डावाला चर्चचं दार उघडलं आणि गाव बाहेर आलं. बायकांच्या फुलाफुलांच्या टोप्या, पुरुषांच्या हातांत प्रार्थनेची पुस्तकं, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं. रस्ता ओलांडून ती सगळी अंगणाच्या कठड्याशी येऊन उभी राहिली. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. बँडबाजा आलेला बघावा तशी ती बघत होती. स्टोक्सनं एक चेंडू असा फेकला की तो शेरीफच्या गाडीवरून गेला आणि पलीकडे धावणाऱ्या पोराच्या ओंजळीत अलगद पडला. गावातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

"देवाशप्पथ, हात बघा पोराचा," कुणीतरी म्हणालं.

पेटवे दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. आत लेम होता, समोर गाडीला टेकलेली माणसं होती. आणि तरीही त्यांच्या डोळ्यांनी टिपायचं ते टिपलंच, की ही फळी आजवर कधी अशी एका अंगानं हलली नव्हती. स्वतःच्या त्या डोळ्यांची त्यांना किळस आली.

पुढच्याच रांगेत करड्या हॅटमधला एक गृहस्थ हाताची घडी घालून उभा होता. जाणकार दिसत होता. एखाद्यानं दुसऱ्याला कमरेत धरून चांगलं आडवं केलं की तो मान डोलवायचा. दोन डाव त्यानं पाहिले. तिसऱ्याच्या आधी डेप्युटी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, खाली तुमचा पेशंट आहे म्हणे."

"माहीत आहे. निरोप मिळाला मला," तो गृहस्थ म्हणाला. "हा एक डाव होऊ दे."

पेटवेंनी ते स्वच्छ ऐकलं. आत्ता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. दोन पावलं पुढे व्हायचं आणि म्हणायचं, डॉक्टरसाहेब, खेळ संपला. एवढंच. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पायही उचलला नाही. समोर पोरं वाकली. स्टोक्सनं एकदा मान वळवून कोचकडे पाहिलं, कोचच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघितलं. डाव झाला. लांबलचक, चांगला डाव झाला. डॉक्टरनं दोन टाळ्या वाजवल्या, प्रार्थनेचं पुस्तक कोटाच्या खिशात घातलं आणि तो आत गेला.

त्यानं शस्त्रक्रिया मात्र उत्तम केली. मध्येच नर्सनं बाहेर येऊन रक्त मागितलं. काळ्याला काळ्याचंच रक्त द्यायची तिथली पद्धत होती. स्टोक्स सगळ्यांच्या आधी गेला, धापा टाकत. उन्हं उतरायला लागली तेव्हा डॉक्टर बाही खाली करत दाराशी आला आणि म्हणाला, मुलगा वाचेल, पण खेळणं आता या जन्मात नाही. अजून थोडा उशिरा आला असता तर गेला होता. मग म्हणाला, "पोरं तयार केली आहेस तू. त्यांना मोठ्या विद्यापीठांनी उचललं असतं, जर..." त्यानंही वाक्य तसंच सोडलं.

"फार आभारी आहे, साहेब," पेटवे म्हणाले. ते खरोखरच आभारी होते. ही गाठ त्यांना पुढे जन्मभर सुटली नाही.

दिवस मावळायच्या आत गाव सोडा, असं डेप्युटीनं सांगितलं होतं. काळ्या वस्तीतल्या पाद्र्यानं लेम्युएलपाशी बसायचं कबूल केलं आणि बस निघाली. वाटेत कुणी बोललं नाही. घरी पोचल्यावर ओडेसानं दार उघडलं. पेटवेंनी तिला लेमला लागलं एवढंच सांगितलं.

सोमवारी मैदानावर सराव सुरू झाला. पोरं वाकली, स्टोक्स मागे उभा राहिला, आणि त्यानं आरोळी दिली नाही. पेटवेंनी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी समोरचा संघ त्या शांततेनं गोंधळून गेला; कधी उसळतील याचा अंदाजच येईना. त्या मोसमात होलिस चॅपेल हरलं नाही. पुढच्याही नाही.

नंतर ती चाल कॉलेजचीच होऊन बसली. स्टोक्स गेला, त्याच्या जागी आलेल्यानंही आरोळी दिली नाही, कारण आधीचा देत नसे. वर्तमानपत्रं तिला 'मुकी चाल' म्हणू लागली. वर्षांमागून वर्षं गेली, अजिंक्यपदांच्या ढाली भिंतीवर मावेनात, पोरं व्यावसायिक संघांत जाऊन नाव काढू लागली. काळ पालटला, दारं उघडली. ज्या विद्यापीठांच्या फाटकातून पेटवेंना कधी आत जाता आलं नसतं, तिथले गोरे कोच त्यांच्या छोट्या खोलीत येऊन बसू लागले आणि विचारू लागले, कोच, हे तुम्ही बसवलंत तरी कसं? पेटवे म्हणत, शिस्त. ते चाल शिकून गेले आणि पाठोपाठ चांगली चांगली पोरंही घेऊन गेले. तरी होलिस चॅपेल जिंकत राहिलं. कॉलेजपुढच्या रस्त्याला पेटवेंचं नाव दिलं.

आणि दर शनिवारी, गर्दी श्वास रोखून बसलेली असताना, पोरं वाकली आणि मैदानावर ती शांतता पसरली की पेटवेंना गवतावर खडीचा आवाज ऐकू येई.

आणि एक भीती जुनाट दुखण्यासारखी जडली, त्या दिवशीचं कुणीतरी बोलून टाकेल ही. ती चाळीसएक पोरं पांगली होती, डेट्रॉइटला, शिकागोला, लॉस एंजेलिसला. कुणी मास्तर झालं, कुणी पोस्टात लागलं, एकजण न्यायाधीश झाला. दरवर्षी जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ती बायकापोरांना घेऊन येत. दारू होई, कोचच्या गोष्टी निघत. त्यांनी कुणाला कसं झापलं, भर पावसात कसं पळवलं. कोपऱ्यात एखादं टोळकं बोलता बोलता गप्प झालं की पेटवे हातातली बशी खाली ठेवत. आता कुणीतरी सांगणार. कुणीच सांगितलं नाही. स्टोक्सनंही नाही, तो येई, हात मिळवी, ओडेसाच्या रताळ्याच्या गोड पाईची तारीफ करी आणि जाई. ओडेसा गेली तीही काही न कळता. शेवटच्या वर्षापर्यंत पहाटे तिचा नळ वाहत होता.

सगळ्यांत जास्त भीती त्यांना लेम्युएलची वाटे. खेळणं सुटल्यावर पेटवेंनी त्याला सामान सांभाळायला ठेवून घेतलं होतं, मग हाताखाली घेतलं, मग तो त्यांचा उजवा हात झाला. नव्या पोरांना ती चाल तोच शिकवायचा. खांद्यांकडे बघा, श्वासाकडे बघा, कान विसरा, असं सांगायचा. पेटवे लांब उभे राहून ऐकत. सबंध संघात त्या दिवशीचं ठाऊक नसलेला हा एकच, असं ते धरून चालले होते. आपण खाली मरत होतो आणि कोच वर डाव बघत उभे होते, हे याला कुणी सांगितलं तर? बसमध्ये शेजारी बसून दोघं हजारो मैल फिरले. लेम्युएल खोकला तरी पेटवेंना वाटे, आता विचारतो.

शेवटचा सामना नोव्हेंबरात, घरच्याच मैदानावर होता. पेटवे निवृत्त होणार म्हणून लांबलांबून लोक आले होते. सकाळी प्रेक्षागाराखालच्या खोलीत दोघंच होते. लेम्युएलचे केसही आता पिकले होते. तो पट्ट्यांच्या गुंडाळ्या खोक्यात भरत होता. भरता भरता म्हणाला, काल वर्तमानपत्राचा एक माणूस माझ्याकडे आला होता, मुकी चाल तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिली असं विचारत होता.

पेटवे आरशापुढे टाय बांधत होते. बोटं थांबली.

"मग?"

"म्हटलं, आठवत नाही."

वर लाकडी पायऱ्यांवर लोकांचे पाय वाजत होते. पेटवेंना आरशात लेम्युएलची पाठ दिसत होती.

"खाट खिडकीखाली होती, कोच," लेम्युएल म्हणाला. त्याचा हात भरायचा थांबला नाही. "तळघराची खिडकी. जमिनीला लागून होती. मला बूट दिसत होते."

पेटवेंनी खुर्ची चाचपली आणि ते बसले. टायचं एक टोक छातीवर लोंबत राहिलं. ते म्हणाले, "तुझी शुद्ध गेली होती."

"डोळे मिटले होते. उघडायची भीती वाटत होती. मग आवाज यायला लागला म्हणून उघडले." लेम्युएलनं खोकं बंद केलं. "स्टोक्सचे बूट ओळखीचे होते, त्याच्या मामानं दिलेले, दुरंगी. तुमचे तर अगदी काचेशीच होते."

"माझे हलले नाहीत," पेटवे म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. "डॉक्टर समोर उभा होता, लेम. मी ऐकलं तो काय म्हणाला ते. माझे पाय हलले नाहीत."

"नाही हलले," लेम्युएल म्हणाला. त्यानं ते खोडून काढलं नाही.

तो येऊन समोरच्या बाकावर बसला. तो आता पन्नाशीचा माणूस होता, पण दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसला होता, पहिल्या वर्षाचं पोर बसावं तसा.

"मी तेवढा वेळ तुमच्या बुटांकडेच बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटत होतं, आता हे बूट वळणार. आता हे बसकडे जाणार, मला इथंच टाकून. शेवटपर्यंत मला तीच एक भीती होती."

बाहेर बँड सुरू झाला. कुणीतरी दारावर टकटक केली आणि वेळ झाली म्हणून सांगून गेलं. पेटवे उठले नाहीत. लेम्युएलही उठला नाही. मैदानावर निघणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी पोरं रांगेत ताटकळत उभी होती, वरून पेटवेंच्या नावाचा गजर होत होता. आणि कोच पेटवेंच्या सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच होलिस चॅपेलच्या संघाला मैदानावर जायला उशीर झाला.